हवामान खात्यातली जिलबी

एका जंगलात एक विद्यापीठ होतं.

मुलांनो, हसू नका. जंगलातही विद्यापीठ असतं. हल्ली तर पाणवठा नसलेली जंगलं आहेत, पण विद्यापीठ नसलेलं जंगल मी अजून पाहिलेलं नाही.

त्या विद्यापीठाजवळच्या आंब्यावर शेकरूंचं एक कुटुंब राहत होतं. शेकरू म्हणजे झाडावरची मोठी खार. तांबूस अंग, झुपकेदार शेपटी. तुमच्यापैकी ज्यांना हे ठाऊक नव्हतं त्यांनी ठाऊक असल्यासारखी मान हलवा. बाकीचेही तेच करताहेत.

त्या कुटुंबात शेवंता नावाची मुलगी होती. तिला लहानपणापासून एकच नाद. सगळ्यात वरच्या फांदीवर जाऊन बसायचं आणि आभाळाकडे बघायचं. खाली भावंडं आंब्यांवरून मारामाऱ्या करत. ही वरून ओरडे, "ए, पळा! आता गडगडणार!" आणि खरंच गडगडे. भावंडं तिच्यावरच चिडत. त्यांना वाटे, हीच वर बसून काहीतरी करते.

शेवंता मोठी झाली आणि म्हणाली, "मी विद्यापीठात हवामानशास्त्र शिकणार."

झालं! नातेवाईक जमले. मुलीने काय शिकावं हे ठरवायला शिकलेले नातेवाईक कधीच येत नाहीत, हे लक्षात ठेवा. ते शिकण्यात गुंतलेले असतात.

"हवामानशास्त्र म्हणजे नक्की काय करायचं असतं?" तिचे वडील, अण्णा, यांनी विचारलं.

"आभाळाकडे बघायचं, अण्णा."

"ते तर आपला नारूकाका फुकट करतो. दिवसभर."

"आणि पोट कशावर भरायचं? ढगांवर?" आईने विचारलं.

"आमच्या धाकटीने आवळाप्रक्रिया घेतली," मावशी म्हणाली. "सुपारी, कँडी, सरबत. कुठेही चिकटून जाते. याला स्कोप काय?"

हा 'स्कोप' शब्द निघाला की भलेभले गप्प बसतात.  शेवंताचे तर डोळे भरून आले, आणि अण्णांना तेवढं पुरलं. अण्णा तसे कडक होते, पण आतून पिकल्या आंब्यासारखे मऊ.

"जा," ते म्हणाले. "शीक. पण शिकता शिकता स्कोप कुठे दिसला तर सांग."

विद्यापीठात हवामान विभागाचे प्रमुख होते प्राध्यापक कूर्मे. जातीचं कासव. फार विद्वान गृहस्थ. पावसावर त्यांचे जाडजाड ग्रंथ होते. आकाशात जरा ढग आला की ते मान आणि पाय आत ओढून घेत आणि पाऊस थांबल्यावर बाहेर येत. त्यामुळे पाऊस त्यांनी कधी पाहिला नव्हता. "पडतो असं ऐकून आहे," असं ते मोकळेपणाने सांगत.

ते शिकवतही सावकाश. मृगाच्या पावसावरचा धडा सुरू करत, तो संपेपर्यंत दिवाळीची सुट्टी लागे.

वर्गात शेवंता सोडली तर बाकी सगळे दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून आलेले होते. एका रानडुकराला तर शेवटच्या वर्षापर्यंत वाटत होतं की आपण भूगोल शिकतोय. परीक्षेत पासही झालं ते.

शेवंता मात्र मन लावून शिकली. कुठला ढग नुसता भटक्या आणि कुठला कामाचा, हे तिला कळू लागलं. वारा का फिरतो, हवा का कोंदते, डोंगराला ढग का अडतात, सगळं तिला कळू लागलं. आनंदाने तिला जेवण जाईना.

शेवटच्या वर्षाला सरांनी सगळ्यात अवघड विषय घेतला. अंदाज कसा बोलावा.

"'पाऊस पडेल' असं कधी म्हणायचं नाही," कूर्मे सर म्हणाले. "'पडण्याची शक्यता आहे' म्हणायचं."

"कुठे पडेल असं विचारलं तर, सर?"

"तुरळक ठिकाणी."

"किती पडेल म्हटलं तर?"

"हलका ते मध्यम."

"आणि पडलाच नाही तर?"

"त्यालाच तुरळक म्हणतात," सर म्हणाले आणि त्यांनी मान आत घेतली, कारण खिडकीतून एक ढग दिसला होता.

यथावकाश शेवंता पहिली आली. पदवीदान समारंभ ठरला. स्वतः सिंहमहाराज पाहुणे. अण्णा आणि आई नटूनथटून पहिल्या रांगेत. अण्णांनी शेपटीला तेल लावून भांग पाडला होता.

इथे मला त्या जंगलाची एक रीत सांगितली पाहिजे. नीट ऐका, पुढे लागणार आहे. तिथे कुठलाही समारंभ असो, शेवटी जिलबी-मठ्ठ्याचं जेवण असे. पहिल्या पंगतीला जिलबी गरम आणि कुरकुरीत मिळे. दुसऱ्या पंगतीला गार आणि मऊ. तिसऱ्या पंगतीला नुसता पाक, आणि तोही "बोटाने पुसून घ्या" म्हणून. त्यामुळे समारंभात कोण काय बोलतंय याकडे कुणाचं लक्ष नसे. सगळ्यांचे कान 'पहिली पंगत बसली' या हाकेकडे.

तुम्ही विचाराल, सिंह जिलबी खातो का? या गोष्टीत खातो. ज्यांना पटत नसेल त्यांनी विज्ञानाच्या तासाला जाऊन बसावं.

तर मंचावरून पुकारा झाला, "हवामानशास्त्रात सर्वप्रथम, कुमारी शेवंता शेकरू!"

आणि नेमका तेव्हाच मुदपाकखान्यातून कावळा ओरडला, "पहिली पंगत बसली!"

पुढचं काय सांगू! हरणाच्या खांद्याला खांदा लावून वाघ पळाला. सशाच्या पायात हत्ती आला. महाराज उठले, कुलगुरू उठले. आई उठली, आणि अण्णाही उठले. ते पंगतीत जाऊन बसले तेव्हा कुठे त्यांना आठवलं की आपण कशाला आलो होतो. पण तोवर पानात जिलबी पडली होती.

शेवंताने पदवी घेतली. समोर रिकाम्या खुर्च्या. मंचावर एकटे कूर्मे सर. तेही पंगतीकडेच निघाले होते, पण अजून मंच उतरले नव्हते.

थोड्या वेळाने अण्णा आले. मिशांना पाक लागलेला. हातात पानात गुंडाळलेली एक जिलबी.

"झालं का गं?"

"झालं, अण्णा."

"तुझ्यासाठी आणली."

ती जिलबी मऊ पडली होती. शेवंताने ती खाल्ली आणि छान आहे म्हणाली. त्या दिवसानंतर अण्णांनी जिलबीला हात लावला नाही. कुणी आग्रह केला तर म्हणत, "दात दुखतात."

मग शेवंता नोकरी शोधायला निघाली. या शिक्षणाला जागा भरपूर असतात, असं विद्यापीठाच्या फलकावर लिहिलं होतं. फलकावर मोराचं चित्रही होतं.

आधी ती गरुडांच्या विमान कंपनीत गेली. ते स्वतःच्या पाठीवरून प्रवासी नेत.

"आमची उड्डाणं उशिरा सुटतात," मोठा गरुड म्हणाला. "प्रवासी कारण विचारतात. तुम्ही 'खराब हवामान' एवढं म्हणायचं."

"आणि हवामान चांगलं असलं तर?"

"तेव्हाच तर तुमची गरज."

ती तिथून निघाली आणि बातम्यांच्या वाहिनीवर गेली. तिथे हवामानाच्या बातम्या मोर देत असे. नकाशासमोर उभा राहायचा आणि पिसारा फुलवायचा.

"पण नकाशा दिसतच नाही हो," शेवंता म्हणाली.

"मी दिसतो ना!"

"पाऊस कुठे पडणार, हे कसं कळणार?"

"माझ्या मागे पडणार," मोर म्हणाला. "तुला माझी शेपटी झाडायची नोकरी देतो. करतेस?"

तिसरीकडे लांडग्याची विमा कंपनी होती. लांडगा फार गोड बोलला. "अशीच हुशार मुलगी हवी होती आम्हाला. पूर कुठे येणार, घर कुणाचं वाहून जाणार, सगळं आधी सांगायचं."

शेवंताला भरून आलं. "त्यांना सावध करायला ना?"

"छे छे," लांडगा म्हणाला. "त्यांना विमा विकायचा नाही, म्हणून."

शेवटी तिला सरकारी हवामान खात्यात जागा मिळाली. तिथले जुने अधिकारी बेडूकराव नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांचा मोठा सत्कार झाला होता, कारण आख्ख्या कारकिर्दीत त्यांचा एकही अंदाज चुकला नव्हता. रोज सकाळी ते दगडावर चढून जाहीर करत, "उद्या हवामान राहील." आणि दुसऱ्या दिवशी हवामान असेच.

शेवंता आली आणि खरेखुरे अंदाज सांगू लागली. अण्णांची छाती फुगली. दिसेल त्याला सांगत सुटले, "आमची शेवंता हवामानात असते." सुतारपक्षी झाड ठोकत बसलेला असे, त्यालाही थांबवून सांगत.

पण लोकांचा एक घोटाळा झाला. जो पाऊस सांगतो तोच तो पाडतो, अशी त्यांची समजूत. उन्हाळ्यात मुंग्यांची वाळवणं चालू होती. मुंग्यांच्या म्होरक्या काशीमावशी थेट कचेरीत आल्या.

"शेवंताताई, कुरडया घातल्यात. तेवढं दोन दिवस थांबव बाई."

"मावशी, मी थांबवत नाही. मी फक्त सांगते."

"सगळे अधिकारी असंच म्हणतात," काशीमावशी म्हणाल्या आणि टेबलावर पापडांची चळत ठेवून डोळा मारून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी वळवाची सर आली. कुरडया भिजल्या. काशीमावशी पापड परत घेऊन गेल्या. वर जंगलभर सांगितलं, "म्हशींनी जास्त दिलं असणार."

असो. नोकरी म्हटली की हे चालायचंच. शेवंता टिकून होती.

मग सिंहमहाराजांचा वाढदिवस आला. चिटणीस होता तरसोबा नावाचा तरस. त्याने मांडव घातला कुठे? नदीच्या पात्रात! उन्हाळ्यात नदी आटलेली. वाळू मऊ, जागा ऐसपैस, वर झाडाची फांदी नाही की पक्ष्यांचा त्रास नाही. सगळ्या जंगलाला बोलावणं. वाढदिवसापुरतं कुणी कुणाला खायचं नाही, असा हुकूमही निघाला.

आणि पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, अण्णा आणि आईला जागा. कारण शेवंताचं भाषण होतं. तिने मंचावर येऊन एवढंच म्हणायचं होतं, "महाराजांच्या पुण्याईने आज आभाळ निरभ्र आहे."

त्या सकाळी शेवंता नेहमीप्रमाणे उंच झाडावर चढली. आणि डोळे फाडून बघतच राहिली.

जंगलावर लख्ख ऊन होतं. पण वर, नदी जिथून येते त्या डोंगरांवर, काळंकुट्ट झालं होतं. साधासुधा ढग नव्हता. तो तिने ग्रंथात पाहिलेला, सर नुसतं नाव काढूनच आत जात असत तो. तिथे पाऊस कोसळत होता. ते सगळं पाणी एकाच वाटेने खाली येणार होतं. आणि त्या वाटेवर मांडव होता. मांडवात आख्खं जंगल. पहिल्या रांगेत तिचे आईवडील.

ती धापा टाकत तरसोबाकडे गेली. "पूर येणार! मांडव हलवा!"

तरसोबाने वर पाहिलं. "कुठे आहे? ऊन पडलंय."

"डोंगरात पडतोय. ते पाणी इथेच येणार. नदीला दुसरा रस्ता नाही."

"पत्रिकेत स्थळ छापलंय, नदीचं पात्र."

"म्हणून तर पाणी इथे येणार!"

"आता बदलता येत नाही. सोनेरी अक्षरं आहेत."

ती महाराजांकडे गेली. महाराजांनी आयाळीला अत्तर लावता लावता ऐकून घेतलं. मग विचारलं, "आम्ही पुराला बोलावणं पाठवलं होतं का, तरसोबा?"

"नाही, महाराज."

"मग तो कशाला येईल?"

शेवंता तशीच मांडवाकडे पळाली.  

समारंभ सुरू झाला. अस्वलआचाऱ्याने मांडवामागे कढई चढवली. तुपाचा वास सुटला. भाषणं सुरू झाली. वाघ बोलला, मोर बोलला. मोराने पिसारा फुलवल्यामुळे महाराज बराच वेळ कुणाला दिसले नाहीत. मग शेवंताचं नाव पुकारलं.

अण्णा ताठ बसले. आईला कोपर मारून म्हणाले, "आता ऐक."

शेवंता मंचावर गेली. महाराजांची पुण्याई तिने बाजूलाच ठेवली. तिने सरळ सांगायला सुरुवात केली, पण शिकलेली जीभ शेवटी शिकलेलीच असते. "डोंगरमाथ्यावरील अतिवृष्टीमुळे सखल भागात पूरसदृश परिस्थिती उद्भवण्याची शक्यता आहे."

श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. एक रानडुक्कर शेजारच्याला म्हणालं, "आमच्याच वर्गात होती. भूगोलाला."

शेवंताने घाम पुसला. "शक्यता नाही! येणारच आहे! पूर येणार! पळा!"

"अगंबाई, आज जोरात आहे ताई," काशीमावशी म्हणाल्या. "येऊ दे. पापड वाळलेत आमचे."

"बरंच झालं," एक म्हैस म्हणाली. "डुंबता येईल."

"कुठे येणार, तुरळक ठिकाणी ना?" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळा मांडव हसला.

हसले नाहीत फक्त अण्णा. त्यांनी मागे वळून ओरडणाऱ्याकडे रागाने बघितलं. तो कोल्हा होता, म्हणून मग पुन्हा पुढे बघितलं.

"बस खाली," महाराज म्हणाले.

एवढ्यात मांडवाच्या कडेने गढूळ पाण्याची एक बारीक धार आली. सतरंजी भिजली. तरसोबाने पाय उचलून पाहिलं आणि म्हणाला, "कुणीतरी सरबत सांडलंय."

लांबून घरघर ऐकू येत होती. शेवंताला कळून चुकलं, आता वेळ नाही. हवेचा दाब, वाऱ्याची दिशा, डोंगरमाथा, यातलं काहीच या लोकांना खुर्चीवरून उठवणार नव्हतं. मग उठवणारं काय होतं?

तिच्या डोळ्यांपुढे पदवीदानाचा दिवस उभा राहिला. रिकाम्या खुर्च्या.

तिने मंचावरचा कर्णा तोंडाला लावला आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "पहिली पंगत बसली! टेकडीवर! जिलबी गरम आहे, आणि कमी आहे!"

अहाहा! मुलांनो, त्या दिवशी तुम्ही तिथे असायला हवे होतात. असं पळणं पुन्हा होणे नाही. मागच्या रांगा पुढच्या रांगांवरून गेल्या. म्हशी उड्या मारत गेल्या. मोराने पिसारा मिटवला, जन्मात पहिल्यांदा. महाराजांनी सिंहासनावरून झेप घेतली आणि पळता पळता गरजले, "वाढदिवस कुणाचा आहे? वाट सोडा!" कूर्मे सरांना हत्तीने सोंडेत उचलून घेतलं. मायेने नव्हे, ते वाटेत येत होते म्हणून. शेवंताची आई तर सगळ्यांच्या पुढे होती.

आचारी अस्वलसुद्धा पळालं. जिलबी त्यानेच कढईत सोडली होती, अजून एकही घाणा काढला नव्हता. पण पहिल्या पंगतीचं नाव ऐकल्यावर भान कुणाला राहतं?

बघता बघता मांडव रिकामा झाला. शेवंताने कर्णा खाली ठेवला. आणि समोर पाहिलं.

पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, अण्णा बसलेले होते.

"अण्णा! पंगत बसली ना! उठा!"

"बसू दे," अण्णा म्हणाले. त्यांनी हाताची घडी घातली. "मागे एकदा उठलो होतो. तुझी पदवी पाहिली नाही मी. जिलबी खात बसलो. आज तुझं भाषण पुरं ऐकल्याशिवाय हलणार नाही. कर तू सुरू."

"अहो अण्णा, भाषण झालं!"

"झालं कुठे? महाराजांनी मध्येच बसवलं तुला. मी ऐकतोय ना. बोल."

पाणी अण्णांच्या पायांपर्यंत आलं. घरघर आता गर्जनेसारखी ऐकू येऊ लागली. सगळ्या जंगलाला उठवणारी थाप एकट्या अण्णांना उठवू शकली नव्हती. शेवंता मंचावरून उडी मारून त्यांच्यापाशी गेली. तिला रडू फुटलं.

"अण्णा, पंगत नाहीये. मी खोटं बोलले. पूर येतोय."

अण्णांनी आभाळाकडे पाहिलं नाही. नदीकडेही पाहिलं नाही. तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुरळक ठिकाणी?"

"नाही, अण्णा. इथेच."

"मग चल की," अण्णा म्हणाले आणि उठले.

दोघं पळत सुटले. अण्णांचे गुडघे दुखत होते, शेवंताने त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. ती दोघं टेकडीच्या पायथ्याला लागली आणि मागे नदी आली. नदी कसली, मातीची भिंतच ती! तिने सिंहासन नेलं, मांडव नेला, स्वागताची कमान नेली. उरलेल्या सोनेरी पत्रिकाही नेल्या.

टेकडीवर आख्खं जंगल सुखरूप उभं होतं. कुणाला खरचटलंही नव्हतं. पण एकानेही मागे वळून नदीकडे बघितलं नाही. सगळे समोरच्या उघड्या खडकाकडे बघत होते.

"जिलबी कुठंय?" महाराजांनी विचारलं.

"महाराज, मागे बघा," शेवंता म्हणाली.

महाराजांनी मागे बघितलं. "हं. पूर आहे. जिलबी कुठंय?"

तेवढ्यात पुराच्या पाण्यातून अस्वलाची मोठी कढई तरंगत आली. तिच्यात सोनेरी, टपोऱ्या, नुकत्या फुललेल्या जिलब्या होत्या. ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गरगर फिरली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

तेव्हा मात्र सगळ्यांना पुराचं गांभीर्य कळलं. वाघ हमसून हमसून रडला. काशीमावशींना दोघींनी धरलं.

मग चौकशी बसली. तिथेच, टेकडीवर, कारण खाली जागा नव्हती. तरसोबाने आरोप वाचला. पूर आला याबद्दल शेवंताला दोष देता येत नव्हता, कारण तिने तो आधीच सांगितला होता. सांगून येणाऱ्या गोष्टीला कुणी काही म्हणत नाही. पण जिलबी?

"हवामान खात्यातून जिलबीचा अंदाज वर्तवण्यात आला," तरसोबा म्हणाला, "आणि तो साफ चुकला."

"जीव वाचवायला मी खोटं बोलले, महाराज," शेवंता म्हणाली.

"कुणाचा जीव?" महाराजांनी चकित होऊन विचारलं. "आम्हाला तर काहीच झालेलं नाही."

"मी होतो तिथे!" अण्णा पुढे झाले. सिंहासमोर शेकरू!  "पाणी माझ्या पायाला लागलं होतं. पोरीने सांगितलं नसतं तर मी त्या कढईमागून गेलो असतो."

"तुला जिलबी दिसली का तिथे?" महाराजांनी विचारलं.

"नाही, महाराज."

"मग साक्ष तिच्याविरुद्ध आहे."

शेवंताची नोकरी गेली. बेडूकरावांना घरून बोलावून आणलं. ते ओल्या दगडावर चढले, घसा साफ केला आणि म्हणाले, "उद्या हवामान राहील." तेव्हा कुठे जनतेच्या जिवात जीव आला. त्यांच्यासाठी पुन्हा एक सत्कार ठरला.

आता शेवंताचं काय करायचं? शिकलेली मुलगी, बाहेर ठेवली तर आणखी काही खरं बोलायची. महाराजांनी डोकं खाजवलं आणि तिला विद्यापीठात पाठवून दिलं. प्रमुखाची जागा रिकामीच होती. कूर्मे सर अजून टेकडी उतरत होते.

पण शेवंता आता शहाणी झाली होती. तिने अभ्यासक्रमच बदलला. सकाळी विद्यार्थ्यांना ढग शिकवायचे, वारे शिकवायचे, पूर कसा येतो ते शिकवायचं. आणि दुपारी प्रात्यक्षिक. पीठ भिजवणं, तूप तापवणं, वेढे नीट सोडणं, पाक एकतारी ठेवणं. वेढा तुटला की मार्क कापले.

तिच्या विद्यार्थ्यांना धडाधड नोकऱ्या लागल्या. कुणाला विमान कंपनीत, कुणाला वाहिनीवर, कुणाला राजवाड्यावर. सगळे मुदपाकखान्यात. मोठमोठ्या घरचे आईबाप प्रवेशासाठी रांगा लावू लागले. मावशी आपल्या धाकटीला आवळ्यातून काढून घेऊन आली. "याला स्कोप आहे," ती सगळ्यांना सांगत होती, "मी आधीच म्हटलं होतं."

आणि पुढच्या वळवाच्या दिवसांत जेव्हा डोंगरावर पुन्हा तसाच काळा ढग आला, तेव्हा शेवंताच्या विद्यार्थ्यांनी कुणालाही ढगाबद्दल चकार शब्द सांगितला नाही. त्यांनी गुपचूप टेकडीवर चूल पेटवली आणि कढई चढवली. नदीकाठ आपोआप रिकामा झाला.

अण्णा रोज वर्गात येतात. पहिल्या रांगेत, मधोमध बसतात. सकाळचा ढगांचा तास संपेपर्यंत हलत नाहीत. दुपारी प्रात्यक्षिकाच्या वेळी विद्यार्थी त्यांच्यापुढे पान ठेवतात. आता त्यांचे दात दुखत नाहीत.

तात्पर्य: खोटं बोलणं पाप आहे. म्हणून लोकांचे प्राण वाचवायचे असतील, तर आधी जिलबी तळून ठेवावी आणि मगच बोलावं.